शूटिंगवाले आप्पा

आमच्या भागात लग्न ठरलं की आधी तारीख बघतात, मग कार्यालय, मग आप्पा. कार्यालय मिळालं नाही तर दारात मांडव घालता येतो. आप्पा मिळाले नाहीत म्हणून तारीख पुढं ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या निदान दोन पिढ्यांचे हार, अक्षता, सप्तपदी, कानपिळी आणि निघतानाची रडारड आप्पांच्या कॅमेऱ्यातून गेलेली आहे. अशा माणसाला आमच्या संग्रहालयानं मौखिक इतिहासाच्या मुलाखती चित्रित करायला का बोलावलं, याचं कारण इतिहासात शोधू नये, अंदाजपत्रकात शोधावं. पुण्यामुंबईकडच्या मंडळींनी दिलेलं कोटेशन वाचून आमच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे एका मुलाखतीचं, की अख्ख्या इतिहासाचं?" मग कुणीतरी आप्पांचं नाव काढलं.

आप्पांना हा मान उशिरा मिळाला असंच वाटलं. पहिल्या बैठकीत त्यांनी समितीला सुनावलं, "बाबुराव पेंटरांनी कॅमेरा कुठं तयार केला? हितंच न्हवं का? त्यांनी इंग्लंडवरनं मागवला व्हय? सोता जुळवला, पार्ट घासून घासून. मग 'सैरंध्री' काढला. आन् तुमी आता पुण्यास्नं माणूस मागवाय लागलायसा!" 'सैरंध्री' १९२० सालचा. आप्पांच्या वंशावळीत त्यानंतर थेट आप्पाच येतात. मधली नावं, म्हणजे दामले, शांताराम, भालजी, ही सगळी त्यांच्या मते पुढं 'लाइन बदललेली' माणसं. लग्नं कुणी काढली? कुणीच नाही.

दिसायला आप्पा आडव्या अंगाचे. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. व्हीएचएसच्या काळातला पॅनासोनिकचा 'एम नाइन थाउजंड' वर्षानुवर्षं त्या खांद्यावर बसलेला होता. अंगात बाराही महिने खिशाखिशांचं खाकी जाकीट. एका खिशात सेल, दुसऱ्यात काळी चिकटपट्टी, तिसऱ्यात सुपारी आणि चौथ्यात खडूचा तुकडा. नवरीनं कुठं उभं राहायचं ती खूण फरशीवर करायला हा खडू. मुलाखतीलाही ते आधी फरशीवर फुली मारतात आणि मग ऐंशीच्या पुढच्या माणसाला सांगतात, "आजोबा, फुलीवर पाय."

आमच्या समितीनं मुलाखतकारांसाठी शिबिर ठेवलं होतं. पुण्याहून एक मॅडम आल्या. अभ्यासू, शांत आणि अत्यंत चिकाटीच्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं. बोलणाऱ्यानं भिंगात बघायचं नाही, प्रश्न विचारणाऱ्याकडं बघायचं. म्हणून विचारणाऱ्यानं कॅमेऱ्याला खेटून बसायचं. मध्ये 'हं, हं' करायचं नाही, नुसती मान हलवायची. पंखा बंद, फ्रीज बंद. मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, म्हणजे पुढं संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवता येते. आणि माणूस बोलता बोलता थांबला तर घाईनं पुढचा प्रश्न टाकायचा नाही.

आम्ही वहीत लिहून घेत होतो. आप्पा मात्र आवाजापाशीच अडकले होते. त्यांनी हात वर केला. "मॅडम, म्हंजे ह्यात आवाज ठेवायचा?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. मला कळला. लग्नाच्या कॅसेटीत आवाज हा कचरा असतो. भटजींचं 'सावधान', करवल्यांची कुजबुज, वाढप्यांची आरडाओरड, जनरेटरची धडधड हे सगळं मिक्सिंगच्या वेळी आप्पा सरसकट पुसत आणि त्यावर सनई किंवा सिनेमातलं गाणं चढवत. मौखिक इतिहासाचं काम आम्ही शहरातल्या अशा एकमेव माणसाला दिलं होतं, की ज्यानं आयुष्यभर लोकांची तोंडं टिपली आणि एकाचाही शब्द ठेवला नाही.

"ठेवायचाच," मॅडम म्हणाल्या, "मुळात तोच हवा आहे."

आप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाले, "तीस वर्सं टाकून दिला की हो सर मी." दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे घालून त्यांनी कॉलरला लावायचा माइक आणला आणि तिथून जे आवाजाचं वेड घेतलं, ते आम्हाला पुरून उरलं. गल्लीत मुलाखत असली की आप्पा अर्धा तास आधी जाऊन शेजारपाजारच्या घरांतले कुकर उतरवून येत. एका घरी पारव्यांना हुसकायला त्यांनी गच्चीवर पोरगं बसवलं, तर ते पोरगंच पारव्यांपेक्षा जास्त ओरडलं. फ्रीज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून स्वतःची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे ती घेतल्याशिवाय घरी जाताच येत नाही, ही युक्ती मॅडमनीच सांगितली होती. आप्पांना ती फार आवडली. फक्त ते किल्ली माझ्या स्कूटरची ठेवत.

पहिली मुलाखत एका जुन्या पैलवानांची. मी प्रश्नावली तयार करून गेलो होतो. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोमचं भव्य मैदान त्यांनी पाहिलं, तसं कुस्तीचं मैदान कोल्हापुरात असावं असं त्यांच्या मनात आलं, आणि १९१२ साली खासबाग उभं राहिलं, इथपासून सुरुवात करावी असा बेत. पैलवानांनी माझा प्रश्न पुरा ऐकून घेतला. म्हणाले, "ह्ये तर सगळं तुमास्नी ठावं हाय. मग मला कशाला इचारतायसा?"

या प्रश्नाला शिबिरात उत्तर दिलेलं नव्हतं.

मध्यंतरी आप्पांनी आपलं काम केलं होतं. पैलवानांच्या मागं तांबडा मखमली पडदा, बाजूला कुंडी, डोक्याला फेटा, डावा हात गदेवर. मागं अख्खं घराणं उभं: मुलगे, सुना, नातवंडं, एक जावई. "मुलाखत एकट्याची आहे," असं मी म्हणून पाहिलं. आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, थोरला ल्योक फ्रेमीत घेतला न्हाई तर उद्या संग्रालयाला तालमीतनं एक वीट पण मिळायची न्हाई. आधी समद्यांस्नी घ्यायचं. मग लेन्स म्होरं सरकवायची. त्यास्नी काय कळतंय, भाईर गेलो ते?" आणि खरंच, दहा मिनिटांनी चौकटीत एकटे पैलवान होते आणि मागं अख्खं घराणं अजून हसऱ्या चेहऱ्यानं उभंच होतं.

पण पैलवान बोलेनात. म्हणजे बोलत होते, पण भाषण. तांबडा दिवा लागल्याबरोबर त्यांची कोल्हापुरी कुठल्या कुठं गेली आणि 'आजच्या तरुण पिढीनं व्यसनापासून दूर राहून शरीरसंपदा कमावली पाहिजे' इत्यादी सुरू झालं. कॅमेरा दिसला की आपल्याकडचा माणूस आधी सभेला उभा राहतो. तालमीत काय चालायचं, पहाटे किती वाजता उठवायचे, वस्ताद कशावरून मारायचे, लाल मातीत ताक, तेल, हळद किती घालायचे, यातलं एक अक्षर नाही. शेवटी मी डावांकडं वळलो. ढाक म्हणजे नेमकं काय?

"ढाक म्हंजे..." पैलवान अडले. हातांनी हवेत काहीतरी धरलं, वळवलं, सोडलं. "ते असं... म्हंजे त्यो असा आला की आपून..." पुन्हा हवा धरली. शब्द येईना. सगळं ज्ञान खांद्यात आणि कमरेत. जिभेपर्यंत ते कधी आलेलंच नव्हतं. आप्पांनी कॅमेरा स्टँडवरून काढून खांद्यावर घेतला. "मामा, करूनच दावा की. सर, तुमी उभं ऱ्हावा जरा."

मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. माझं वजन तेव्हा साठ किलोच्या आत होतं. पैलवान उठले, फेटा काढून सुनेकडं दिला आणि माझ्यासमोर आले. तेव्हा त्यांचे कान मला प्रथमच जवळून दिसले: मोडून, सुजून, घट्ट गुंडाळी झालेले, मध्ये बोट जाईल एवढीही फट नाही. त्यांचा पंजा माझ्या मानेवर पडला. जोर असा काही नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी माझा दंड कुठंतरी आतून धरला आणि म्हणाले, "आता बगा, ह्यो माणूस हिकडं भार टाकतोय. भितोय म्हनून टाकतोय. भ्यालेला माणूस म्होरं झुकतो. मग आपून काय बी करायचं न्हाई, त्येच्याच भारानं..." पुढचं वाक्य मी गादीवरून ऐकलं.

तिथून पैलवान सुटले. वस्ताद, मार, गंगावेशीतल्या तालमीतली पहाट, थंडाईसाठी बदाम कोण आणि कसे चोरायचा, एका नावाजलेल्या मल्लाबरोबरची कुस्ती सोडवली कशी आणि त्या रात्री हे कसे रडले, सगळं. आप्पा खांद्यावर कॅमेरा घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते. वरातीत नाचणाऱ्यांभोवती फिरायची त्यांना सवयच आहे. मी उठून कपडे झाडेपर्यंत उत्तम दर्जाचा मौखिक इतिहास जमा झाला होता. त्यात आप्पांचा एकच आवाज आहे. तो आम्ही नंतर काढून टाकला, पण मूळ प्रतीत अजून ऐकू येतो: "सर, पडताना जरा हिकडं बगून पडा. परत एकदा."

रिटेक हा त्यांचा जुना रोग. मंगळसूत्र बांधताना नवऱ्याचा हात आड आला तर ते सोडवून पुन्हा बांधायला लावत, असं सांगतात. मुहूर्त टळला तरी चालेल, शॉट टळता कामा नये. एका म्हातारबांनी भावाच्या मृत्यूची हकीकत सांगितली, आम्ही सगळे गप्प झालो, आणि मागून आप्पा म्हणाले, "लई भारी. फकस्त शेवटचं डोळं पुसलेलं परत घेऊया, हात मधी आला." म्हातारबांनी पुन्हा पुसलेही. आपल्याकडं शूटिंगवाल्याचा शब्द सहसा कुणी मोडत नाही.

पण कुठल्या घरात काय चालतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. मी अंगणात चपला काढेपर्यंत आप्पा स्वयंपाकघरात पोचलेले असतात. कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, कोणाला आधी विचारलं नाही तर तो मधून मीटर बंद करील, चहा कोणाच्या हातचा घ्यायचा, हे त्यांना मुलाखतीआधीच ठाऊक असतं. एका आजींकडं मी खिडकीजवळ चांगला उजेड बघून खुर्ची मांडली होती. आप्पांनी ती उचलली आणि उलटी फिरवली. का म्हणून विचारलं, तर त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं कोट-फेटा घातलेला एक करारी फोटो होता. "सासरा. त्यो समूर असला की म्हातारी खरं बोलंल व्हय? त्येला मागं घालायचा. फ्रेम बी भरती आन् तोंड बी उघाडतं."

या आजींचे यजमान स्टुडिओत कपडेपटावर होते. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिला इकडं 'जळीत' म्हणतात. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला. आजी तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. एरवी सगळ्या कोल्हापुरी बायकांसारख्या 'मी गेलो, मी आलो' म्हणणाऱ्या आजी माइक लावल्यावर 'मी गेले, मी आले' वर आल्या आणि वर्तमानपत्रात वाचलेलं जळीत त्यांनी वर्तमानपत्राच्याच भाषेत सांगितलं. जाता जाता म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः बघायला आले. घोड्यावरून. मी डोळ्यांनी पाहिलं."

यावरून समितीत मोठी खडाजंगी झाली. राजर्षी शाहू महाराज वारले १९२२ साली. अध्यक्ष म्हणाले, हे काढा, लोक हसतील. मॅडमनी पुण्याहून फोनवर समजावलं, की चूक म्हणून काढू नका; लोक काय विसरतात आणि कुठं चुकतात हीच तर यातली खरी सामग्री. त्यांनी पोर्तेल्ली नावाच्या इटालियन अभ्यासकाचा दाखला दिला. तेर्नी गावातला एक पोलाद कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीनं मेला. पण पुढं मुलाखती घेतल्या तर बरेच कामगार तो मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगत. कपातीच्या वेळी झालेल्या अपमानाशी त्या मरणाची गाठ लोकांनी मनात मारून टाकली होती. अध्यक्षांना हे काही पटेना. त्यांचं म्हणणं, इटलीत चालत असेल.

आप्पा कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. म्हणाले, "सायेब, लग्नाच्या अल्बममधी नवऱ्याचा वारल्याला आजा असतो का न्हाई? वरच्या कोपऱ्यात, गोलात. त्यो काय लग्नाला आलता? पण त्येला घातला न्हाई तर घरचीच म्हणत्यात अल्बम अपुरा हाय. म्हातारीनं महाराजांस्नी गोलात घातलंय. ऱ्हाऊ द्या की."

ठराव झाला, महाराज राहिले. मॅडमनी आप्पांचं हे वाक्य आपल्या पुढच्या व्याख्यानात वापरल्याचं नंतर कळलं. आप्पांचं नाव घेऊन वापरलं, हे विशेष.

आजींच्या मुलाखतीचा खरा भाग मात्र पुढंच होता. मी 'धन्यवाद' म्हटलं, मिनिटभर शांतता रेकॉर्ड केली, माइक काढला, चहा आला. आजी सैल झाल्या, बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "खरं सांगू व्हय? मी त्या रातीला काय बी बगितलं न्हाई. घरात दार लावून बसलोतो. ह्ये आलं पहाटं. आलं ते काय घिऊन आलं असतील? गाठोडं. मला वाटलं, काय दागिनंबिगिनं. सोडलं तर दाढ्या!" भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटांत सरदारांना, मोगलांना, साधूंना लागायच्या त्या दाढ्यामिशा. जळत्या स्टुडिओतून हा गृहस्थ शालू, तलवारी सोडून दाढ्या घेऊन आला होता. त्यांना धुराचा वास लागलेला. "मग मी त्या धुतल्या. दोरीवर वाळत घातल्या. सकाळी सासूबाई परसात गेल्या आन् वरडल्या की हो! धा-बारा मुंडकी टांगल्यागत. मी भ्यालो, आता काय म्हाताऱ्या ऱ्हात न्हाईत." आजींना हसू आवरेना. चहा बशीतून पदरावर सांडला.

मी हळहळलो, की कॅमेरा बंद. वळून बघतो तर तांबडा दिवा लागलेलाच. आप्पा शांतपणे सुपारी चघळत उभे. बाहेर आल्यावर म्हणाले, "लग्नात अक्षता पडल्या म्हणून कॅमेरा बंद करणारा शूटिंगवाला उपाशी मरंल, सर. खरं लगीन जेवणं झाल्यावर असतं. मानाच्या साड्या, भांडणं, सासूचं तोंड. जनरेटरवाला गेल्याशिवाय मी बटण दाबत न्हाई."

पण हे त्यांनी गुपचूप ठेवून घेतलं नाही. शिबिरात मॅडम संमतीपत्रावर बोलल्या तेव्हा आमच्यातले निम्मे लोक पेंगत होते आणि आप्पा एकटे मान डोलवत होते. कारण फार पूर्वी त्यांनी चित्रित केलेलं एक लग्न मोडलं होतं, आणि दोन्हीकडची मंडळी कॅसेट मागायला एकाच संध्याकाळी दुकानात आली होती. एकाला पुरावा म्हणून हवी होती, दुसऱ्याला जाळून टाकायला. आप्पांनी कुणालाच दिली नाही. ज्या मुलीचं लग्न होतं तिला निरोप धाडला, तू सांगशील तसं. तेव्हापासून ही एक गोष्ट ते जपतात. म्हणून आजींपुढं बसून त्यांनी कॅमेऱ्याची छोटी काच उलटी फिरवली, सगळं पुन्हा दाखवलं आणि विचारलं, "आजी, ह्ये तुमी न सांगता घेतलंय आमी. ठेवू का काढू?"

आजींनी स्वतःला बारकाईनं बघितलं. म्हणाल्या, "केस नीट न्हाईत माझं." मग बराच वेळ त्या सासऱ्यांच्या फोटोकडं बघत राहिल्या. "असू दे. ठेव. दाढ्या तरी कुणाला कळूंद्यात." आणि संमतीपत्रावर दुसऱ्यांदा सही केली.

गुऱ्हाळावर मात्र आप्पांची शाळा चालली नाही. तिथले गुळव्या कामात असताना बोलायला तयार नव्हते आणि काम संपल्यावर सांगण्यासारखं काही नाही म्हणत होते. काहिलीत रस उकळत होता, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येत होती, चुलवाणाची धग मुलाखतकारालाही लागत होती. पाक नेमका कधी उतरवायचा हे कसं ओळखता, या माझ्या प्रश्नाला गुळव्यांनी "कळतंय" एवढंच उत्तर दिलं. आप्पांनी या माणसाला ना फुलीवर उभं केलं, ना हसायला सांगितलं. त्यांनी कॅमेरा गुळव्यांच्या डोळ्यांवर लावला आणि तसाच ठेवला. बुडबुडे मोठे होते, मग बारीक झाले. गुळव्यांनी थेंबभर पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली, पुन्हा टाकला. चौथ्या वेळी त्यांची भुवई किंचित हलली. 'हां' म्हणायच्या आत दोन गडी काहील उचलत होते. एवढ्या वेळात शब्द एकच. पण आमच्या साऱ्या मुलाखतींत मला हीच सगळ्यात बोलकी वाटते, आणि आप्पांना अजून वाटतं की तिच्यावर एक गाणं हवं होतं.

कारण संकलन हा आप्पांचा खरा प्रांत, आणि तिथं त्यांना आवरणं कठीण. मुलाखतींच्या माहितीपटाची पहिली कच्ची प्रत समितीपुढं लावली तेव्हा सुरुवातीला गणपती, मग 'श्री गजानन प्रसन्न' गरगर फिरत आलं, मग गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि एका बदामातून गदा घेतलेले पैलवान प्रकट झाले. पार्श्वभूमीला सनई. जळिताच्या वर्णनाला चित्र नव्हतं म्हणून आप्पांनी कुठल्याशा वरातीतले भुईनळे टाकले होते. अध्यक्ष उठून उभे राहिले. मॅडम फोनवर असल्यानं त्यांना फक्त सनई ऐकू येत होती. "कार्यक्रम लवकर सुरू झाला का?" त्या म्हणाल्या.

"बदाम काढा," मी म्हटलं.

"बदाम काढला तर पैलवान येणार कुठनं?" आप्पा खरोखर अडचणीत पडले होते. माणूस पडद्यावर नुसता, काहीही न होता, येऊ शकतो ही गोष्ट त्यांना पटवायला फार वेळ गेला. भुईनळे गेले, पाकळ्या गेल्या, सनई गेली. गणपती राहिला, त्याला हात लावायची समितीत कुणाची छाती नव्हती.

कामाच्या पसाऱ्याचा मात्र त्यांना कधी कंटाळा नाही. बारीक चित्र घ्यायचं म्हटलं की ताशी पंचेचाळीस जीबी जातात. बोललेला एक तास उतरवून काढायला विद्यार्थ्याला सहा-आठ तास लागतात. आप्पा प्रत्येक मुलाखतीच्या तीन प्रती करतात आणि तिसरी प्रत पंचगंगेपासून लांब, उंचावर राहणाऱ्या मेव्हण्याकडं ठेवतात. २०१९च्या पुरात धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून नदी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा त्यांच्या दुकानात छातीभर पाणी होतं. माळ्यावरच्या लग्नाच्या कॅसेटी तेवढ्या वाचल्या. मॅडमनी त्या एकदा बघितल्या आणि त्यांचा श्वास अडकला: पाडलेले वाडे, बुजलेले आड, नऊवारीतल्या बायकांच्या पंगती, भिंतींवरच्या निवडणुकांच्या पाट्या, आता उभी नसलेली थेटरं, सगळं वरातीच्या मागं हलतंय. संग्रहालयाला द्या, त्या म्हणाल्या. आप्पांनी नकार दिला. "माझं न्हाई ते. लोकांच्या घरातलं हाय. एकेकाला इचारावं लागंल." आणि खरंच ते आता सुटीच्या दिवशी जुन्या नवरानवरींच्या घरी संमतीपत्र घेऊन फिरतात. बरेच लोक सही करतात. काही जण आधी कॅसेट बघायला मागतात, आणि बघून झाल्यावर एकमेकांशी भांडतात.

माहितीपटाचं उद्घाटन थाटात झालं. पैलवानांचं घराणं पहिल्या दोन रांगा अडवून बसलं होतं, आणि आपण फ्रेमीत नाही हे त्यांना तिथंच कळलं. पण तोवर दाढ्यांचा प्रसंग लागला आणि सगळं सभागृह हसायला लागल्यावर तेही हसले. कार्यक्रम संपल्यावर आप्पांभोवती गर्दी. त्यांनी छोटी वही काढली होती आणि ते तारखा लिहून घेत होते. मौखिक इतिहासाची एवढी उघड जाहिरात मी कुठं पाहिली नाही.

मग त्यांचं बिल आलं. आप्पांना दराचं एकच माप येतं. पैलवानांच्या मुलाखतीपुढं 'हळद व लग्न' लिहिलं होतं, आजींपुढं 'लग्न, वरात फुकट', गुऱ्हाळापुढं 'साखरपुडा (शांत)', आणि तळाशी 'अल्बम वेगळा'. हे बिल ऑडिटला गेलं. ऑडिटरसाहेबांनी लेखी विचारणा केली, की संग्रहालयानं या आर्थिक वर्षात कोणाकोणाचे विवाह लावले व कोणत्या तरतुदीखाली? खुलासा करायला आप्पा स्वतः गेले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत बराच वेळ आवाज ऐकू येत होता, मग हसणं, मग चहा गेला. आप्पा बाहेर आले ते ऑडिटरांच्या धाकट्या मुलीची डिसेंबरातली तारीख वहीत घेऊनच. बिल मंजूर होऊन आलं. 'वरात' हा शब्द तेवढा साहेबांनी खोडून त्या जागी 'इतर' असं लिहिलं होतं.